दम दाखवायचा नाही

कडूबाईच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून ही चौथी जन्मली तेव्हा तिच्या आजीनं तिला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं, परत उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं कडू. म्हणजे मरणानं चुकून तोंडात घातलीच तर थुंकून टाकावी. नाव लागू पडलं म्हणायचं, पोरगी जगली. पण जगली ती छातीत भाता घेऊन. थंडी पडली की भाता सुरू, बाजरीची मळणी निघाली की भाता सुरू, शेजारणीनं मिरची भाजली तरी भाता सुरू. असल्या दमेकरी पोरीला कोण करून घेणार, या काळजीनं तिचा बाप अर्धा झाला होता.

आणि तिला नवरा मिळाला कोण, तर सहादेव पैलवान. सोनईजवळच्या एका गावचा, शेतीभातीच्या घरातला, मान बैलासारखी आणि कान मोडलेले. दोघांच्या बापांचा जत्रेतला जुना दोस्ताना, त्यात कधीतरी शब्द देऊन झालेला, आणि बापाचा शब्द म्हणजे सहादेवला काळ्या दगडावरची रेघ. लग्नात लोकांनी काय कमी मजा केली? नवरदेव शिंकला तर नवरी मांडवाबाहेर जाऊन पडेल, असं पंगतीत चाललं होतं. बायका तर सरळ म्हणाल्या, दोन वर्षांत हा दुसरी करणार बघा. बघत बसल्या बिचाऱ्या. चाळीस वर्षं झाली तरी त्यानं दुसरी केली नाही आणि हिनंही त्याला मोकळं केलं नाही. दोन लेकी झाल्या, त्या चांगल्या घरी नांदायला गेल्या.

सहादेव पुढं गावच्या तालमीचा वस्ताद झाला. पोरांना त्यानं कुस्ती शिकवली, पण कुस्तीच्याही आधी एक गोष्ट शिकवली. दम दाखवायचा नाही. जत्रेत एक कुस्ती झाली की पुढचा गडी कडेला उभा राहून तुमच्याकडंच बघत असतो. तुम्ही तोंड उघडून धापा टाकल्या की त्यानं ओळखलं, गडी रिकामा झालाय. म्हणून तोंड गच्च मिटायचं, हाताची घडी घालायची, नाकानं खोल ओढायचं, पोटात धरायचं, हळूहळू सोडायचं. चेहरा असा ठेवायचा की आत्ताच जेवून उठलोय. थोडा वेळ असं केलं की खरंच अंगात जीव येतो. आणि एखादं पोरगं कुत्र्यासारखी जीभ काढून धापताना दिसलं की वस्तादाची काठी त्याच्या पोटरीवर बसलीच म्हणून समजा.

तालीम कडूबाईच्या घरासमोरच. ओट्यावर धान्य निवडता निवडता तिनं हा प्रकार वर्षानुवर्षं बघितला होता, आणि तिला एक गोष्ट कळली होती. चेहरा लपवता येतो, छाती लपवता येते, पण गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे जी खळगी असते, ती लपत नाही. दम लागला की ती आत ओढली जाते. हे तिला कसं कळलं? अहो, ती बाई लहानपणापासून स्वतःच्या त्या खळगीवर बोट ठेवून जगत आली होती. खळगी आत जायला लागली की पंप काढून तोंडात धरायचा, हा तिचा हिशेब. पण कुस्तीतलं बाईमाणसाला कोण विचारतंय? तिनंही कधी कुणाला सांगितलं नाही.

वस्तादाबद्दल एक मात्र सांगितलं पाहिजे. तो बायकोला आजारावरून कधी टोचून बोलला नाही. तिचा दमा उठला की स्वतः चुलीवर पाणी तापवायचा, पाठ चोळून द्यायचा. फक्त चोळता चोळता म्हणायचा, "अगं, तोंड मिट. नाकानं घे." जसा काही तिचाही आखाड्यात नंबर लागलाय. त्याला बिचाऱ्याला आयुष्यात कधी साधं पडसं झालं नव्हतं. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याला रोग शिवत नाही, हे त्याचं साधं सरळ गणित होतं, आणि बायको डोळ्यांसमोर असल्यामुळं ते त्याला रोज पटत होतं.

मग करोनाची दुसरी लाट आली. सोनईचा बाजार बंद, शिर्डीचं देऊळ बंद, तालमीला कुलूप. रोज कुणीतरी गेल्याचं कळायचं, आणि कळूनही मातीला जाता यायचं नाही. एप्रिलच्या ऐन उन्हात कडूबाईला ताप भरला, तोंडाची चव गेली. गावानं मनातल्या मनात तिला पोहोचवूनही टाकली. दमेकरी बाई, वय साठीचं, आता काय राहिलंय? शेजारच्या छबूबाईनं तर कुंपणापलीकडूनच डोळ्याला पदर लावला. वस्तादानं कुणाचं ऐकलं नाही. खोलीत जाऊन तिला पेज भरवली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आणि काय झालं, तर तीन-चार दिवसांत कडूबाई उठून बसली. चहात साखर कमी पडलीय म्हणाली, तेव्हा वस्तादाला कळलं की बाई बरी झाली.

ती उठली आणि तो पडला. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. गावची आशा सेविका रतनबाई रोज अंगणात यायची, पायरीवर उभी राहून बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते छोटं मशीन द्यायची. पंच्याण्णवच्या आसपास आकडा आला की मान हलवून पुढच्या घरी. वस्तादाचा आकडा सुरुवातीला सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. ताप मात्र आठवडाभर हटला नाही. मग एके दिवशी सकाळी उतरला. वस्तादानं अंघोळ केली, दाढी केली, तालमीचं कुलूप काढलं आणि फावडं घेऊन आखाड्याच्या हौदातली लाल माती उकरून खालवर केली. कडूबाई नको नको म्हणत होती. घाम पुसत तो घरी आला आणि म्हणाला, "बघितलंस? चितपट केला त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लिंबाखाली बाजेवर बसला होता. कडूबाई ताट घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. त्याचं तोंड मिटलेलं होतं, हाताची घडी होती, चेहरा शांत. आणि गळ्याखालची खळगी आत जात होती. वर येत होती, परत आत जात होती. चाळीस वर्षांत तिनं ती पोरांच्या गळ्याला बघितली होती, स्वतःच्या बघितली होती. या माणसाच्या गळ्याला कधीच नाही. तिनं ताट बाजेच्या कडेला ठेवलं.

"आवं, तुमाला दम लागलाय," ती म्हणाली.

"कुणाला? मला?" तो हसला. "तुला सगळ्यांच्यात तुझाच दमा दिसतोय."

"खळगी पडतीया गळ्याखाली. मला कळतंय न्हवं."

"रात्री कमी झोप झाली, दुसरं काय न्हाई." तो हात धुवायला उठला आणि लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभाच राहिला. बराच वेळ. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "रतनला काय बोलायचं न्हाई. दवाखान्यात गेल्याली मानसं पाठीवर पडून माघारी येत्यात. माझ्या पाठीला अजून कुनी माती लावली न्हाई. बोललीस तर माझी आन हाय तुला."

आता ही आण घालायची काय गरज होती त्या माणसाला? पण घातली. आणि कडूबाईच्या पिढीतल्या बाईला नवऱ्याची आण म्हणजे काय, हे आत्ताच्या पोरींना सांगूनही कळायचं नाही. ती मोडली तर त्याच्या जिवाला काही होईल, असं तिला खरोखरच वाटत होतं. ती गप्प बसली.

मग तिला रोज काय बघावं लागलं? संध्याकाळी दोन घरं पलीकडं रतनबाईचा आवाज ऐकू आला की वस्ताद बाजेवर उठून बसायचा. तोंड मिटायचा, घडी घालायचा, नाकानं ओढायचा, पोटात धरायचा, हळू सोडायचा. जत्रेत दोन कुस्त्यांच्या मधे करायचा तस्साच. रतनबाई पायरीपाशी येईपर्यंत त्याचा दम भरलेला असायचा. मशीन लावलं की पंच्याण्णव.

"वस्ताद, तुमचं बघून बाकीच्यांना धीर येतो बघा," रतनबाई म्हणायची.

"आपल्याला काय धाड भरलीय," वस्ताद म्हणायचा. तेवढंच, मोजून. आणि ती फाटकाबाहेर गेली की तो भिंतीला टेकायचा, डोळे मिटायचा आणि त्याचे ओठ निळसर दिसायला लागायचे. जगात असा माणूस पाहिलाय का कुणी, जो आपल्याला वाचवायला आलेल्या बाईलाच हरवायला बसलाय? कडूबाई हे बघायची आणि देवापुढं जाऊन उभी राहायची. देव तरी काय करणार, त्याला कुणी मशीन थोडंच दिलं होतं.

असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी रतनबाई आकडा बघून वळली, चपला घातल्या, आणि कडूबाईच्या तोंडून शब्द गेला. तिनं ठरवलं नव्हतं. गेला.

"रतन, थांब. आता परत लाव ते."

"अगं, आत्ताच तर बघितलं, काकू. चौऱ्याण्णव हाय."

"आता लाव. ह्यांना बोलायला लाव, मग बघ."

वस्तादानं तिच्याकडं असं बघितलं की दुसरी कोणी असती तर घरात पळाली असती. कडूबाई हलली नाही. रतनबाईनं मशीन लावलं, त्याला गावातल्या सगळ्या पैलवानांची नावं विचारली. चौथ्या नावाला तो थांबला. आकडा उतरत गेला. नव्वद, सत्त्याऐंशी, ब्याऐंशी. रतनबाईनं मशीन काढलं, साडीला पुसलं, स्वतःच्या बोटाला लावून बघितलं. अठ्ठ्याण्णव. मग ती बाई मटकन पायरीवर बसली.  रोज या पायरीवरून ती निश्चिंत मनानं पुढं गेली होती.

वस्तादाचा पट्टशिष्य वाल्मिक, दुधाचा धंदा करणारा, बायकापोरांचा माणूस, जीप घेऊन धावत आला. मधे वस्ताद, एका बाजूला कडूबाई. वारा तापलेला म्हणून काचा बंद. वस्ताद नगर येईपर्यंत बायकोशी एक शब्द बोलला नाही. वाल्मिकला मात्र एकदा म्हणाला, "घरातच पाठीत वार झाला बघ." वाल्मिकला वाटलं तापात बोलतोय.

नगरला तीन ठिकाणी जागा नाही म्हणाले, चौथ्या दवाखान्यात खाट मिळाली. कडूबाईला करोना नुकताच होऊन गेलाय म्हटल्यावर तिला मास्क लावून जवळ बसायला दिलं. तिथली डॉक्टरीण अगदी तरणी पोरगी. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पोशाखात सगळी सारखीच दिसायची, म्हणून पाठीवर पेननं नाव लिहिलेलं, डॉ. ज्ञानेश्वरी. ती अकोल्याकडची होती, बोलायला साधी. छातीचे फोटो बघून झाले, रक्त तपासून झालं, आणि ती खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"आजी, नीट ऐका. तो विषाणू आता बाबांच्या अंगात फारसा राहिलेला नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या शरीरानं त्याला जवळजवळ संपवलाय."

कडूबाईचा चेहरा उजळला. "मंग बरं झालं की."

"नाही आजी. त्यांच्या अंगातली रोगाशी लढणारी जी ताकद आहे ना, ती थांबायलाच तयार नाही. विषाणू गेला तरी ती लढतेय. आणि आता ती त्यांच्याच फुप्फुसावर तुटून पडलीय. तिथं सूज आलीय, पाणी धरलंय. म्हणून श्वास पुरत नाही."

कडूबाईला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं खाटेवरच्या माणसाकडं बघितलं. तेच दंड, तीच मान. "म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "ह्यांचंच अंग ह्यांना मारतंय?"

"हो."

 जन्मभर तिला लोकांनी सांगितलं होतं, तुझ्यात ताकद नाही म्हणून तू आजारी. ती स्वतःही तेच मानत आली होती. वस्तादाची ताकद म्हणजे त्या घराचं आढं, सगळं छप्पर पेलणारं लाकूड. ते आढंच आता आपल्या माणसावर कोसळलंय, असं ही कालची पोरगी सांगत होती. आणि जिच्यात काही नव्हतं, ती खणखणीत बरी होऊन स्टुलावर बसली होती. हे कुठल्या न्यायात बसतं?

"मला का न्हाई झालं मंग? मी तर कायमची आजारी."

"ते आम्हालाही नीट माहीत नाही, आजी," डॉक्टरीण म्हणाली. "कुणाचं शरीर वेळेवर थांबतं, कुणाचं नाही. धडधाकट माणसंही येतात अशी. वय, आतले दुसरे आजार, बरंच असतं. सगळं कळलेलं नाही अजून."

औषध होतं. डॉक्टरिणीनं नाव सांगितलं, स्टेरॉईड. तालमीत त्या नावाला शिवी समजतात, पण पैलवान पोरं घेतात ते वेगळं आणि हे वेगळं, असं तिनं समजावलं आणि वस्तादाला ते पटलंही. अडलं पुढच्या वाक्यावर. "यानं तुमच्या अंगाची ही ताकद आपण थोडी खाली आणणार आहोत," असं ती म्हणाली, आणि वस्तादानं हात मागं घेतला. ऑक्सिजनच्या मास्कमधून आवाज आला, "ताकद न्हाई उतरवायची." सिस्टरनं हात धरायचा प्रयत्न केला. तो हात कुणाला हलणार होता? ऐंशीच्या खाली आकडा, आणि माणूस मूठ आवळून बसलेला.

डॉक्टरिणीनं कडूबाईकडं बघितलं. त्या घरात आजवर कुठली म्हैस घ्यायची हेसुद्धा कडूबाईला कुणी विचारलं नव्हतं. ती उठली, खाटेवर वाकली आणि त्याच्या मोडक्या कानाशी तोंड नेऊन बोलली. आण घातल्यापासून पहिल्यांदा.

"आवं, ऐका. समोरच्याची पाठ लागली. पंचानं शिट्टी बी मारली. पर तुमचा गडी सोडंना. पडल्याल्याचा हात पिरगाळतुया अजून. असल्या पोराला तुमी काय करायचा?"

वस्तादानं मान तिच्याकडं वळवली.

"कानाखाली द्यायचा न्हवं? तालमीच्या भाईर काढायचा न्हवं? मंग ही बाई तेच करतीया. द्या हात."

मूठ लगेच नाही उघडली. पण उघडली. सिस्टरनं सुई घातली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं, आणि कडूबाईनं त्याचा दुसरा हात धरला तो त्यानं काढून घेतला नाही.

नंतर दोन दिवस बरे गेले. आकडा वर आला, त्यानं दोन घास भात खाल्ला, सिस्टरला लेकींची नावं सांगितली. कडूबाईनं गावी फोन करून छबूबाईला सांगितलंही, की आता येतो आम्ही. आणि एका सकाळी सगळं उलटं फिरलं. कारण कुणाला नीट सांगता आलं नाही. डॉक्टरीण धावतच आली, मोठं मशीन लावावं लागेल म्हणाली, घशात नळी घालावी लागेल. तयारी चालली होती तेव्हा वस्तादानं कडूबाईला जवळ बोलावलं. त्याचं तोंड उघडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो चारचौघांत तोंड उघडून धापत होता. एकेका शब्दाला थांबत तो म्हणाला,

"दोन दिस... आधी... सांगायचं हुतंस."

बस. एवढंच. रागानं नाही, वस्ताद पोराला चुकलेला डाव दाखवतो तसं. त्यानंतर त्याला झोपेचं औषध दिलं, आणि तो परत बोलला नाही. आता सांगा, आण कुणी घातली होती? तोंड कुणी बंद केलं होतं? आणि शेवटी ऐकवून कुणाला गेला? कडूबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला रडूसुद्धा आलं नाही. कानशिलात बसल्यावर माणूस नुसता उभा राहतो, तसं झालं तिचं.

आठवडाभरानं तो गेला तेव्हा डॉक्टरिणीनं डोक्यावरची टोपी काढली होती. "शेवटची तपासणी निगेटिव्ह आलीय," ती म्हणाली. "करोना नव्हता आता त्यांच्यात. शरीर घरी नेता येईल तुम्हाला."

"म्हंजी जिकले हुते," कडूबाई म्हणाली.

डॉक्टरिणीनं तपासणीचा कागद तिच्या हातात ठेवला.

"दोन दिस आधी आनलं असतं तर?"

ती पोरगी खोटं बोलली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण ती खोटं बोलली नाही. "नक्की वाचले असते असं मी नाही सांगू शकत, आजी. पण संधी जास्त होती."

धाकटा जावई सुनील आपली गाडी घेऊन आला होता. पुढं शववाहिनी, मागं ही. गावात पोहोचले तेव्हा ऊन चढलं होतं. वस्तादाला उतरवून गाडीशेजारीच, घरासमोर ठेवलं. माणसांना जमू नका म्हणून सांगितलेलं, तरी तालमीची पोरं लांब लांब अंतरावर, तोंडाला रुमाल बांधून उभी होती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न. निगेटिव्ह होते तर वस्ताद मेले कशानं? आणि अशी ताकद असून? रतनबाई फाटकाशी उभी होती, तिच्या गळ्यात ते मशीन दोरीला लटकत होतं. ती कडूबाईच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

पोरांनी ठरवलं होतं, वस्तादाला तालमीच्या मातीचा टिळा लावायचा. वाल्मिक आत गेला आणि घमेलं भरून लाल माती घेऊन आला. तालमीच्या दारापासून गाडीपर्यंत, रस्ता ओलांडण्याएवढंच अंतर. त्यानं घमेलं खाली ठेवलं, वाकून वस्तादाच्या पायावर डोकं ठेवलं, उठला आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. चेहऱ्यावर मास्क. शांत, सरळ. वस्तादाचा पोरगा शोभावा असा.

कडूबाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. दोन्ही लेकी तिला धरून होत्या. तिनं मान वर केली, आणि तिची नजर वाल्मिकच्या गळ्याशी गेली.

खळगी आत जात होती.

तिला तो दिवस आठवला. बंद काचांची जीप. मधे बसलेला खोकणारा वस्ताद. त्याला आठवड्यावर दिवस झाले. ती लेकींचे हात सोडवून उठली आणि थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"वाल्मिक, ताप आल्ता का तुला?"

"आल्ता, काकू. गेला कालच. आता एकदम झकास हाय."

"मास्क काढ."

"काकू, आता हे..."

"काढ म्हनते ना. तोंड उघड."

सगळी तालीम बघत होती. वाल्मिकनं वस्तादाकडं एकदा बघितलं, जसा काही तो उठून काठी घालणार होता. मग त्यानं मास्क खाली ओढला. ओठ निळे होते. तोंड उघडलं आणि इतका वेळ आत धरून ठेवलेल्या धापा अशा बाहेर आल्या की त्याला गाडीच्या दाराला धरावं लागलं. रतनबाई पुढं आली, न विचारता त्याच्या बोटाला मशीन लावलं. चौऱ्याऐंशी.

"कदी पस्नं?" कडूबाईनं विचारलं.

"काल दुपारपस्नं. वस्तादाला पोचवू द्या आदी, काकू. मग जातो मी. त्यांना खांदा..."

"सुनीलराव, गाडी काढा," कडूबाई म्हणाली. "ह्याला घिऊन नगरला जावा. त्याच दवाखान्यात. ती ज्ञानेश्वरी म्हनून डाक्टरीन हाय, तिला सांगा, सहादेव वस्तादाच्या मंडळींनी धाडलंय."

सुनील गोंधळला. जावयानं खांदा द्यायचा, लांबून माणसं आलेली, ऊन वाढत चाललेलं. "मामी, पण मामांचं आधी..."

"त्यांना आता घाई न्हाई," कडूबाई म्हणाली. "ह्याला हाय."

मग ती तालमीच्या पोरांकडं वळली. त्यांचा प्रश्न तिला दिसत होता. "तुमच्या वस्तादाला दम लागला हुता," ती मोठ्यानं म्हणाली. "त्यांनी दाखवला न्हाई. मला ठावं हुतं, मी दोन दिस सांगितलं न्हाई. आनखी कुनाला लागला असंल तर आत्ता सांगा."

 मग मागं, चिंचेच्या सावलीत उभ्या असलेल्या एकानं तोंडावरचा रुमाल काढला आणि हात वर केला. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानंही केला. रतनबाई मशीन हातात घेऊन तिकडं पळाली.